इबा-१ अँटीबॉडी: फ्लू झालेल्या उंदरांच्या मेंदूवर सहा वर्षं वापरल्यानंतर

सहा वर्षांत या अँटीबॉडीच्या, म्हणजे एका ठरावीक प्रथिनाला चिकटून ते रंगवून दाखवणाऱ्या द्रव्याच्या, सात बाटल्या मी संपवल्या. आठवी आज सकाळी उघडली. तिच्याबद्दल एकदा नीट लिहायचं हे बरेच दिवस मनात होतं. अँटीबॉडीचे अभिप्राय बहुतेक दोन ओळींचे असतात: 'चालते', 'बॅकग्राउंड कमी', चार तारे. पहिल्यांदाच मेंदूचे सेक्शन, म्हणजे पातळ काप, हातात घेणाऱ्या मुलामुलींना त्यातून काहीच कळत नाही. मलाही कळलं नव्हतं.

वस्तू कोणती ते आधी सांगते. फुजिफिल्म वाकोची सशात बनवलेली पॉलिक्लोनल (एकाच प्रथिनावरच्या अनेक अँटीबॉडींचं मिश्रण) अँटी-इबा-१, कॅटलॉग क्रमांक ०१९-१९७४१. बाटलीत ५० मायक्रोग्रॅम. टिश्यूच्या स्टेनिंगसाठी, म्हणजे काप रंगवण्यासाठी, हीच मागवा. याच कंपनीची वेस्टर्न ब्लॉटसाठीची (प्रथिनं वेगळी करून ओळखण्याच्या पद्धतीसाठीची) वेगळी बाटली येते, तिचा क्रमांक ०१६-२०००१. ऑर्डर भरताना दोन्हींची गल्लत होते, आमच्याकडे एकदा झाली आहे.

माझं काम इन्फ्लुएंझावर आहे, पण फुप्फुसांवर नाही. उंदराच्या नाकात विषाणूचे थेंब सोडायचे, त्याला फ्लू होऊ द्यायचा आणि ठरलेल्या दिवशी त्याचा मेंदू काढून बघायचं, की इतक्या दूर खाली छातीत चाललेल्या लढाईची तिथे काय नोंद झाली आहे. आम्ही मुख्यतः पीआर८ वापरतो, म्हणजे १९३४ साली पोर्तो रिकोत मिळालेला आणि पुढे उंदरांत वाढवत नेलेला एच१एन१ प्रकारचा विषाणू. मेंदूची स्वतःची राखण करणाऱ्या पेशी म्हणजे मायक्रोग्लिया. त्या दिसल्या तर माझं काम पुढे सरकतं, आणि त्या दाखवण्याचं काम ही अँटीबॉडी करते.

इबा-१ हे प्रथिन १९९६ मध्ये जपानमधल्या कोहसाका यांच्या गटाने शोधलं. कॅल्शियमला धरणारं छोटं प्रथिन, साधारण १७ किलोडाल्टनचं. पेशी हलते, फांदी पुढे सरकवते, काही गिळते, तेव्हा आत ॲक्टिनच्या धाग्यांची जी जुळवाजुळव चालते तिच्यात या प्रथिनाचा हात असतो. स्टेनिंग करणाऱ्याला याचा फार मोठा फायदा होतो. प्रथिन पेशीच्या धडापुरतं न राहता फांद्यांच्या टोकांपर्यंत पसरलेलं असतं, त्यामुळे रंगते ती अख्खी पेशी. १९१९ मध्ये स्पेनच्या पीओ देल रिओ-ऑर्तेगाने चांदीच्या कार्बोनेटने या पेशी वेगळ्या ओळखल्या आणि त्यांना मायक्रोग्लिया म्हटलं. त्याची चित्रं आमच्या खोलीत भिंतीवर लावलेली आहेत. ही अँटीबॉडी नीट लागली की स्लाइडवर तेच दिसतं, फक्त काळ्याऐवजी हिरव्या रंगात.

निरोगी उंदराच्या कॉर्टेक्सचा, म्हणजे मेंदूच्या बाहेरच्या थराचा, माझा पहिला सेक्शन अजून डोळ्यांसमोर आहे. प्रत्येक पेशी आपापली जागा धरून होती. मधोमध लहानसं धड, त्यातून निघालेल्या बारीक फांद्या, फांद्यांना पुन्हा फांद्या, आणि शेजारणीच्या हद्दीत कोणीच शिरलेली नाही. बागेत अंतर राखून लावलेली झुडपं वरून पाहावीत तसं. २००५ मध्ये जिवंत उंदरांच्या मेंदूत या पेशी थेट पाहिल्या गेल्या तेव्हा कळलं, की ही झुडपं क्षणभरही स्थिर नसतात. धड जागेवर असतं, पण फांद्या सतत आजूबाजूला चाचपत फिरत असतात. माझ्या स्लाइडवर फॉर्मॅल्डिहाइडने थांबवलेला एकच क्षण असतो, हे मी नव्या मुलांना पहिल्याच दिवशी सांगते.

आता फ्लू. संसर्गाच्या दुसऱ्या-तिसऱ्या दिवसापासून उंदराचं वजन घसरायला लागतं. तो अंग फुगवून कोपऱ्यात बसतो, घरटं नीट बांधत नाही, खात नाही. फुप्फुसाच्या सेक्शनवर विषाणूच्या न्यूक्लिओप्रोटीनची अँटीबॉडी लावली की श्वासनलिकांच्या कडा झगझगीत उजळतात. तीच अँटीबॉडी, त्याच दिवशी, त्याच उंदराच्या हिपोकॅम्पसवर (मेंदूतल्या आठवणींच्या भागावर) लावली की काही नाही. पूर्ण काळोख. पहिल्या वेळी मला वाटलं माझं काही चुकलं. पुन्हा केलं, फुप्फुसाचा तुकडा त्याच प्लेटमध्ये शेजारच्या वेलमध्ये (खळग्यात) ठेवून केलं. फुप्फुस उजळलं, मेंदू काळाच. पीआर८ उंदराच्या मेंदूत घर करत नाही, हे वाचून माहीत होतं. डोळ्यांनी बघणं वेगळं.

मग त्याच मेंदूच्या पुढच्या सेक्शनवर इबा-१ लावली. सातव्या दिवसाचा उंदीर होता. हिपोकॅम्पसमधल्या डेंटेट गायरस या भागाच्या आसपास झुडपांचं रूप पालटलेलं होतं. धडं मोठी झाली होती. फांद्या आखूड आणि जाड, टोकाकडची बारीक जाळी गेलेली. रंगही गडद. पेशी जागा सोडून गेल्या नव्हत्या, गर्दीही फार नव्हती, पण प्रत्येकीची ठेवण बदललेली. विषाणू इथे आलेलाच नाही, आणि तरी इथली राखण उठून उभी आहे. माझ्या कामाचा गाभा मला त्या संध्याकाळी या एका बाटलीमुळे दिसला. म्हणून तिच्याबद्दल मला जिव्हाळा आहे आणि तो मी लपवत नाही.

विषाणू न येता निरोप कसा पोहोचतो, हा पुढचा प्रश्न. एक वाट रक्ताची. फुप्फुसात तयार झालेले साइटोकाइन (प्रतिकारशक्तीचे निरोप नेणारी प्रथिनं), म्हणजे इंटरल्यूकिन-१, इंटरल्यूकिन-६, टीएनएफ अशी मंडळी, रक्तातून मेंदूच्या केशवाहिन्यांपर्यंत येतात. मेंदूभोवतीचा पडदा त्यांना सहज आत घेत नाही. पण वाहिनीच्या भिंतीतल्या पेशी तो निरोप बाहेरच्या बाजूने ऐकतात आणि आतल्या बाजूला आपल्या भाषेत सांगतात, त्यात प्रोस्टाग्लँडिन ई२ हा महत्त्वाचा शब्द. ताप याच शब्दाने चढतो, मेंदूत शरीराचं तापमान सांभाळणाऱ्या हायपोथॅलॅमसच्या पुढच्या भागात. मेंदूच्या काही मोजक्या जागी पडदा मुळातच विरळ आहे, तिथून काही गोष्टी सरळही कळतात.

दुसरी वाट नसांची, आणि ती मला जास्त विलक्षण वाटते. २०२३ मध्ये हार्वर्डच्या लिबर्लिस यांच्या प्रयोगशाळेने दाखवलं, की घशाच्या मागच्या भागातून मेंदूकडे जाणाऱ्या नवव्या मज्जातंतूत एक छोटासा पेशीगट आहे. फ्लूच्या वेळी श्वसनमार्गात तयार झालेलं प्रोस्टाग्लँडिन ई२ तो ओळखतो आणि मेंदूला कळवतो. या पेशींमधला त्याचा ग्राहक (रिसेप्टर), ईपी३, काढून टाकला की संसर्ग होऊनही उंदीर जास्त खातात, जास्त हिंडतात, आणि त्यांतले जास्त जगतातही. म्हणजे आजारी असल्यासारखं वाटणं हे निदान सुरुवातीच्या काळात घशातून तारेने आलेल्या बातमीवर अवलंबून असतं. हा शोधनिबंध आला त्या आठवड्यात आमच्या गटात दुसरं काही बोललंच गेलं नाही.

यातलं काहीही इबा-१ दाखवत नाही, हे नीट लक्षात घ्या. ती निरोप दाखवत नाही. निरोप मिळाल्यावर राखणदाराचा पवित्रा कसा झाला, तेवढंच दाखवते.

आता वापरायचं कसं ते, कारण अर्धं यश बाटलीच्या बाहेर आहे.

मी ४ टक्के पॅराफॉर्मॅल्डिहाइडने परफ्युजन करते, म्हणजे ते रक्तवाहिन्यांतून शरीरभर सोडते, मेंदू काढून त्याच द्रावणात एक रात्र ठेवते, मग ३० टक्के साखरेच्या द्रावणात तो तळाला बसेपर्यंत. ४० मायक्रॉनचे सेक्शन, तरंगतेच स्टेन करायचे, काचेवर चिकटवून नाही. ०.३ टक्के ट्रायटन (पेशींची आवरणं सैल करणारा साबण), सेकंडरी (पहिल्या, म्हणजे प्रायमरी, अँटीबॉडीला चिकटून रंग दाखवणारी दुसरी) ज्या प्राण्यातली असेल त्याचं सीरम ब्लॉकिंगला (नको तिथे चिकटणं रोखायला), १:१००० डायल्यूशन, ४ अंशांवर शेकरवर रात्रभर. इतकंच. १:१००० वर एका बाटलीत २४ वेलच्या प्लेटचे साधारण दोनशे वेल होतात, वेलला अर्धा मिलिलिटर धरून. काही जण १:५०० ने लावतात. मला गरज पडली नाही, उलट जास्त गडद झाली की बारीक फांद्या एकमेकींत मिसळतात आणि मोजणाऱ्या सॉफ्टवेअरला त्या वेगळ्या करता येत नाहीत. पॅराफिनच्या सेक्शनवर मात्र सायट्रेट बफरमध्ये, पीएच ६ ला, उकळून घ्यावं लागतं. ते न करता 'अँटीबॉडी चालत नाही' म्हणून तक्रार करणारे मला दर वर्षी भेटतात.

सेक्शन पातळ करू नका. १० मायक्रॉनच्या कापात फांद्या तुटतात आणि निरोगी पेशीसुद्धा आखूड फांद्यांची दिसते. एकदा एका पाहुण्या विद्यार्थ्याने असे काप आणून 'सगळे प्राणी आजारी दिसतात' म्हणून दाखवले. त्यात नियंत्रण गटही, म्हणजे आजारी न केलेले उंदीरही, होते.

फ्लूच्या उंदरांसाठी खास अशी एक गोष्ट, जी कागदपत्रांत कुठेच लिहिलेली नसते. आजारी उंदीर पाणी कमी पितो, रक्त घट्ट होतं, परफ्युजन नीट होत नाही आणि वाहिन्यांमध्ये तांबड्या पेशी राहून जातात. त्या स्वतःच चमकतात. आजार जोरात असेल तर रक्त-मेंदू पडदाही थोडा सैल होतो आणि उंदराच्या स्वतःच्या रक्तातल्या अँटीबॉडी टिश्यूत झिरपतात. तुमची प्रायमरी उंदरात बनवलेली असेल तर सेकंडरी त्या झिरपलेल्या सगळ्याला जाऊन चिकटते आणि नेमके आजारी प्राण्यांचेच सेक्शन धुक्याने भरून जातात. निरोगी प्राण्यांचे स्वच्छ. हा फरक खरा आहे असं वाटून कोणी आनंदाने आलेख काढला तर त्यात नवल नाही. सशातली प्रायमरी असल्यामुळे ही अडचण येत नाही. वाकोच्या बाटलीला मी दिलेल्या गुणांत या एका गोष्टीचा वाटा मोठा आहे.

म्हाताऱ्या उंदरांवर काम करत असाल तर दुसरी खबरदारी घ्या. वयाबरोबर पेशींत लिपोफ्युसिन हे टाकाऊ रंगद्रव्य साठतं, मायक्रोग्लियातही साठतं, आणि ते जवळपास सगळ्या रंगांत चमकतं. नुसत्या सेकंडरीचा एक वेल प्रत्येक प्राण्यासाठी ठेवा. मी सरळ लालच्याही पलीकडचा रंग वापरते, तिथे त्रास कमी होतो.

आता उणिवा. त्या आहेत, आणि यातली पहिली कळायला मला तिसरं वर्ष उजाडावं लागलं.

इबा-१ फक्त मायक्रोग्लियात नसतं. शरीरातल्या इतर मॅक्रोफेजमध्येही (जंतू-कचरा गिळणाऱ्या पेशींमध्येही) असतं. मेंदूच्या आवरणांमध्ये, वाहिन्यांभोवतीच्या पोकळीत, कोरॉइड प्लेक्ससमध्ये (मेंदूतलं पाणी तयार करणाऱ्या भागात) कायम वस्तीला असलेले मॅक्रोफेज या अँटीबॉडीने तितकेच छान रंगतात, आणि आजारपणात रक्तातून आत आलेले मोनोसाइट (एक प्रकारच्या पांढऱ्या पेशी) मॅक्रोफेज झाले की तेही रंगतात. निरोगी मेंदूत याने फारसं बिघडत नाही, कारण मेंदूच्या मुख्य मांसात जवळजवळ सगळ्या मायक्रोग्लियाच असतात. आजारी मेंदूत बिघडतं. मी वाहिन्यांलगतच्या गोल, बिनफांद्यांच्या पेशी 'पूर्ण बदललेल्या मायक्रोग्लिया' म्हणून मोजल्या होत्या, आठ प्राण्यांमध्ये. आमच्या गाईडनी स्लाइड बघून एवढंच विचारलं, "यातल्या किती जणी इथल्याच आहेत?" माझ्याकडे उत्तर नव्हतं.

त्यानंतर मी इबा-१ एकटी लावणं सोडलं. टीएमईएम११९ हे प्रथिन मायक्रोग्लियाची खूण म्हणून २०१६ मध्ये पुढे आलं. पी२आरवाय१२ हेही मायक्रोग्लियाच्या आवरणावर असतं, रक्तातून आलेल्या पेशींवर नसतं. पण पी२आरवाय१२ मध्ये खोच आहे: मायक्रोग्लिया जोरात प्रतिसाद देऊ लागली की ते कमी होतं. म्हणजे ज्या पेशीची ओळख पटवायची, तीच ओळखपत्र खिशात घालून बसते. म्हणून एकाच खुणेवर विसंबू नका. इबा-१ आकारासाठी, दुसरी खूण कूळ ठरवण्यासाठी, आणि पेशी काही गिळत आहे का ते पाहायचं तर सीडी६८. या सगळ्यांच्या अँटीबॉडी वेगवेगळ्या प्राण्यांत बनवलेल्या मिळतील याची जुळणी ऑर्डर करण्याआधी कागदावर करा. तुमची दुसरी अँटीबॉडीही सशातलीच असेल तर शेळीत बनवलेली इबा-१ वेगळी मिळते.

कुळाचा मुद्दा मला अभ्यासापलीकडेही भिडतो. २०१० मध्ये उंदरांत दाखवलं गेलं, की मायक्रोग्लिया गर्भाच्या अगदी सुरुवातीला पीतककोशातून (गर्भाला जोडलेल्या पिशवीतून) येतात. हाडाच्या मज्जेतलं रक्त तयार व्हायला लागण्याआधीच त्या मेंदूत जाऊन बसतात आणि पुढे तिथेच आपली संख्या राखतात. बाहेरून आलेला मोनोसाइट आणि ती, दिसायला सारख्या होऊ शकतात, पण एक जन्मापासूनची रहिवासी आणि दुसरा संकटात धावून आलेला. आजार गेल्यावर कोण राहणार आणि कोण जाणार, हे त्यावर ठरू शकतं. दोघांना एकाच आकड्यात घालणं म्हणजे प्रश्नच पुसून टाकणं.

दुसरी उणीव अँटीबॉडीची नाही, ती वाचणाऱ्या आपली आहे. आकार बदलला म्हणजे पेशी नुकसान करते आहे, असा अर्थ सर्रास लावला जातो. आकारावरून हे कळत नाही. मेंदूत प्रत्यक्ष शिरणाऱ्या दुसऱ्या काही विषाणूंच्या प्रयोगांत मायक्रोग्लिया औषधाने काढून टाकल्या तेव्हा उंदीर जास्त मेले. म्हणजे तिथे त्या वाचवतच होत्या. फ्लूमध्ये, जिथे विषाणू बहुधा मेंदूत येतच नाही, तिथे हाच प्रतिसाद राखण आहे की ओझं, हे दिवस, विषाणूचा प्रकार आणि प्राण्याचं वय बघूनच बोलावं. 'विश्रांत' आणि 'सक्रिय' अशा दोन पेट्यांत मायक्रोग्लिया कोंबणं थांबवा, असं या क्षेत्रातल्या मोठ्या संख्येने संशोधकांनी २०२२ मध्ये एकत्र लिहिलं आहे. मी माझ्या नोंदवहीत आता 'सक्रिय' हा शब्द लिहीत नाही. 'फांद्या आखूड, धड मोठं, सीडी६८ जास्त' असं लिहिते. वेळ लागतो, पण नंतर पस्तावायची पाळी येत नाही.

विषाणूचा प्रकार किती फरक करतो याचं एक उदाहरण देते, कारण ही अँटीबॉडी घेऊन फ्लूवर काम सुरू करणाऱ्याला ते ठाऊक हवं. जर्मनीतल्या ब्राउनश्वाइगमध्ये हुसैनी, कोर्टे आणि सहकाऱ्यांनी २०१८ मध्ये तीन विषाणू शेजारी ठेवून पाहिले: एच१एन१, एच३एन२ आणि मेंदूत शिरू शकणारा एच७एन७. संसर्गानंतर ३० दिवसांनी, म्हणजे उंदीर बरे होऊन कितीतरी दिवस झाल्यावर, एच३एन२ आणि एच७एन७ च्या उंदरांत हिपोकॅम्पसमधले चेतापेशींचे काटे (दुसऱ्या पेशींशी जोडणी करणारी टोकं) कमी झालेले होते, मायक्रोग्लिया बदललेल्या होत्या आणि जागा लक्षात ठेवण्याच्या चाचणीत ते मागे पडत होते. एच१एन१ च्या उंदरांत ते तेव्हा दिसलं नाही. १२० दिवसांनी सगळं भरून आलं होतं. एच३एन२ मेंदूत शिरत नाही, तरी ३० दिवस. एच५एन१ ची गोष्ट आणखी वेगळी: त्याचा एक प्रकार उंदरांत नसांच्या वाटेने प्रत्यक्ष मेंदूत चढतो, हे २००९ मध्ये दाखवलं गेलं, आणि तिथे मायक्रोग्लियाचा प्रतिसाद संसर्ग संपल्यावरही बराच काळ टिकून राहतो. त्यामुळे कोणी 'फ्लूमध्ये मायक्रोग्लियाचं काय होतं' असं एका दमात विचारलं तर मी आधी उलट विचारते, कोणता फ्लू आणि कितवा दिवस.

चौथ्या वर्षी मला स्वतःला इन्फ्लुएंझा झाला. तपासणीत ए प्रकार निघाला. चार दिवस ताप, अंग इतकं दुखत होतं की चादरीचा स्पर्श नको वाटायचा. ताप गेल्यावर सहाव्या दिवशी कामावर गेले, पेशी मोजायला बसले, आणि चाळिसाच्या पुढे आकडा टिकेना. पुन्हा सुरू करायचं, पुन्हा हरवायचा. वाक्य वाचून संपेपर्यंत त्याची सुरुवात निसटायची. जवळजवळ दोन आठवडे असं होतं. माझ्या डोक्यात तेव्हा नेमकं काय चाललं होतं हे कोणी पाहिलेलं नाही आणि उंदराचा सेक्शन बघून मी स्वतःचं निदान करणार नाही. पण त्या दिवसांत समोरच्या पडद्यावरची आखूड फांद्यांची झुडपं बघताना मला प्रथमच वाटलं, की मी दुसऱ्या कुणाच्या आजाराकडे बघत नाहीये. आजारी उंदीर कोपऱ्यात का बसतो, हे मला आधी वाचून ठाऊक होतं. आता अंगाने ठाऊक आहे. त्यानंतर मी प्राण्यांच्या खोलीत आजारी पिंजऱ्यांत मऊ कागद जास्त ठेवते आणि पाणी-अन्न तळाशी, हाताशी ठेवते.

ही आजार हलका असतो तेव्हाची गोष्ट झाली. लहान मुलांमध्ये क्वचित फ्लूनंतर एक भयंकर आजार होतो, १९९५ मध्ये जपानच्या मिझुगुची यांनी त्याचं वर्णन केलं. तापाच्या पहिल्या काही दिवसांतच मूल बेशुद्ध होतं आणि दोन्ही बाजूंच्या थॅलॅमसला (मेंदूच्या आतल्या एका भागाला) सारखीच इजा झालेली दिसते. विषाणू पाठीच्या कण्यातून काढलेल्या पाण्यात बहुतेक वेळा सापडत नाही. साइटोकाइनचा पूर मात्र असतो. काही कुटुंबांत याचं कारण आरएएनबीपी२ या जनुकातला बदल असल्याचं २००९ मध्ये कळलं. विषाणू नाही, प्रतिसाद आहे, हे माझ्या स्लाइडवरचंच सूत्र, पण किती निर्दय रूपात. हे काम का करायचं, असं कोणी विचारलं की मला हा आजार आठवतो.

दोन तक्रारी. एकदा निधी आटला म्हणून आम्ही दुसऱ्या एका विक्रेत्याची स्वस्त इबा-१ घेतली. नाव लिहीत नाही. कागदावर सगळं तेच होतं. प्रत्यक्षात चेतापेशींची केंद्रकं उजळली आणि मायक्रोग्लिया पुसट. ११ प्राण्यांचे सेक्शन त्यात गेले. विक्रेत्याने पैसे परत केले, पण ते ११ उंदीर फ्लू सोसून गेले होते आणि त्यांच्या हिपोकॅम्पसचे तेवढेच काप शिल्लक होते. तेव्हापासून नवी कोणतीही अँटीबॉडी मी आधी प्रयोगाबाहेरच्या टिश्यूवर लावते. प्रयोगातल्या प्राण्याचा एकही काप चाचणीला वापरत नाही. दुसरी तक्रार पोचवणाऱ्यांबद्दल: एक बाटली सुट्टीच्या दिवसांत गोदामात पडून राहिली आणि बर्फाच्या पिशव्या कोमट होऊन आली. ती चालली, नशीब. पण दोन सुट्ट्या लागून असतील तर ऑर्डर पुढे ढकला.

पॉलिक्लोनल आहे म्हणजे प्रत्येक लॉट (एका खेपेला बनवलेला साठा) वेगळ्या सशाच्या रक्ताचा असू शकतो. सात बाटल्यांमध्ये मला डोळ्यांना जाणवेल असा फरक आढळला नाही, आणि इतक्या वर्षांच्या वापरात हे मोठं आहे. तरीही एकाच अभ्यासातले सगळे प्राणी एकाच लॉटने आणि शक्यतो एकाच दिवशी स्टेन करा. रंगाची तीव्रता मोजणार असाल तर हे शक्यतोवर सोडू नका, सोडाल तर सातव्या दिवसाचा आणि तिसाव्या दिवसाचा फरक आजाराचा आहे की बाटलीचा, हे कधीच सांगता येणार नाही. बाटली आली की ५ मायक्रोलिटरचे भाग करून उणे २० ला ठेवा, पुन्हा पुन्हा वितळवू नका.

कुणी घ्यावी? मेंदूतली मायक्रोग्लिया तिच्या सगळ्या फांद्यांसकट पाहायची असेल त्याने. उंदीर (माउस), मोठा उंदीर (रॅट), माणूस, तिन्हींच्या टिश्यूवर चालते. पहिल्यांदा स्टेनिंग शिकणाऱ्यालाही हीच द्या. ती चुका पोटात घालते आणि पहिल्याच खेपेला काहीतरी सुंदर दाखवते, शिकणाऱ्याला त्याची गरज असते. ज्याला फक्त बाहेरून आलेल्या पेशी वेगळ्या मोजायच्या आहेत त्याने हिच्यावर पैसे घालवू नयेत. माझ्याकडून पाचपैकी साडेचार, आणि जो अर्धा कापला तो मॅक्रोफेजपायी. प्रथिनाच्या स्वभावाला कंपनी काय करणार.

आज उघडलेल्या बाटलीचे वीस भाग करून ठेवले. जुन्या लॉटचा एक भाग शिल्लक होता, म्हणून निरोगी उंदराचे दोन आणि फ्लूच्या नवव्या दिवसाचे दोन असे चार काप काढून अर्धे जुन्यात, अर्धे नव्यात टाकले आहेत. प्लेट आता थंड खोलीत शेकरवर आहे. उद्या सकाळी धुऊन सेकंडरी लावेन. फरक दिसला तर लॉट क्रमांकासह याच अभिप्रायात भर घालते.